कमलची धूळपाटी

मित्रांनो, तुमच्या दप्तरात मी कधीच नव्हते. तुमच्या आईवडिलांच्याही हातात मी क्वचितच आले असेन. मला ओळखणारी माणसं आता गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, म्हणून आधी माझं नाव सांगते. मी धूळपाटी. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी सागाची फळी, चारही बाजूंना बोटभर उंच कड आणि एका टोकाला धरायला मूठ. कडेच्या आत विटेची वस्त्रगाळ पूड पसरायची आणि तिच्यात बोटाने अक्षर काढायचं. चुकलं तर वरून तळहात फिरवायचा, की चूक नाहीशी. तिचा ओरखडासुद्धा मागे राहत नाही. एवढाच काय तो माझ्या अंगचा गुण.

माझा जन्म १९०६ सालचा. बोरी नदीच्या काठी, पारोळ्याच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या नथ्थू सुताराने मला घडवलं, ते तोताराम आबांच्या सांगण्यावरून. त्यांचा एकुलता एक मुलगा रुपचंद तेव्हा सहा वर्षांचा होता. तो मला काखेत मारून पंतोजींच्या ओसरीवर जायचा. बाराखडी, पाढे, उजळणी सारं तो माझ्यावर शिकला. पंतोजी इतर मुलांना म्हणायचे, "पाटी असावी तर रुपचंदच्या पाटीसारखी." तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पण चार वर्षांतच गावात दगडी पाट्या आल्या. काळ्या, गुळगुळीत, लाकडी चौकटीच्या. पंतोजींची ओसरी बंद पडली आणि लोकल बोर्डाची शाळा सुरू झाली. धुळीत कोण बोट घालणार? मी घराच्या कोपऱ्यात गेले. पुढे रुपचंदचं लग्न होऊन सुगंधाबाई घरात आली. तिने मला जात्याजवळच्या पिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं. पंधरा-वीस वर्षं मी झाकण होते. शिकवणारी पाटी मडक्यावर पालथी पडली, याचं वाईट वाटायचं. एक मात्र झालं. बायका जात्यावर बसल्या की मन मोकळं करतात, त्यामुळे घरातलं सुखदुःख मला सर्वांआधी कळू लागलं.

१९२५ साली सुगंधाबाईला मुलगी झाली. नाव ठेवलं कमल. गोरीगोमटी, शांत पोर. जरा जास्तच शांत. वर्षाची झाली तेव्हा कुठे बसायला लागली, तीन वर्षांची झाली तेव्हा चालायला. पाचव्या वर्षी तिला आठ-दहा शब्द येत होते, त्यांतले निम्मे फक्त आईलाच समजत. तिच्या वयाच्या मुली नदीवरून घागरी आणायला लागल्या, आणि ही अजून भाकरीचा तुकडा मोडायला आईकडे बघायची.

आमच्याकडे कमल नावाच्या मुलीला लाडाने 'कमी' म्हणतात. गावाने त्या लाडाचा वेगळाच अर्थ केला. एकदा शेजारची भिकुबाई पीठ मागायला आली आणि जाता जाता बोलून गेली, "सुगंधा, तुनी कमी जनमनी कमी शे. कमीच राही."

सुगंधाबाईने जात्याचा खुंटा सोडला. "तिनं नाव कमल शे," ती म्हणाली. "आजपासून मना घरमा कोनी तिले कमी म्हननं नही."

त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. पण सुगंधाबाईच्या काळजातला घोर कसा बंद होणार? पोर बहिरी आहे, की मुकी, की वेडी? कोणी काही सांगत, कोणी काही. कोणी जिभेखालची शीर कापायला सांगितली, कोणी पिंपळाला फेऱ्या घालायला. आबा तेवढे म्हणायचे, "उशिरा पेरेल जवारीले कनीस येस नही का?" सुगंधाबाई ऐकून घ्यायची. पण जवारी कधी पेरली हे तरी शेतकऱ्याला ठाऊक असतं.

कमलला सहावं सरलं तेव्हा दसऱ्याच्या दिवशी आईने तिला नवं परकर-पोलकं घातलं आणि शाळेत नेलं. लीलाधर गुरुजींनी तिला समोर उभं केलं.

"नाव काय तुझं?"

कमल गुरुजींच्या टोपीकडे बघत राहिली.

"किती बोटं आहेत ही?"

कमलने त्यांची बोटं धरली आणि हसली. सारा वर्गही हसला.

गुरुजी दुष्ट नव्हते. एका खोलीत चार इयत्ता आणि बेचाळीस मुलं एकटे सांभाळायचे. ते म्हणाले, "बाई, हिला मी कुठे बसवू? बिगारीतली, पहिलीच्याही आधीची पोरं हिच्यापुढे आहेत. उद्या डिप्टीसाहेब तपासणीला आले तर शाळेवर शेरा येईल. हिला घरीच ठेवा, घरकाम शिकवा."

घरी आल्यावर सुगंधाबाईने बाजरी दळायला घेतली. इतकी जोरात दळली की पीठ जाडंभरडं निघालं. आबा ओसरीवरून उठून आत आले. जात्याजवळ बसून म्हणाले, "मास्तर काय डाक्टर शे का? चुडामणकडे जा."

चुडामण हा सुगंधाबाईचा भाऊ. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. त्याच्या ओळखीने रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर बघतील, असं आबांचं म्हणणं. कपाशीची वेचणी सुरू होती, तरी रुपचंदने बैल जुंपले आणि मायलेकींना अंमळनेरच्या स्टेशनावर सोडलं. तो मोजकंच बोलणारा माणूस. गाडीत बसवताना एवढंच म्हणाला, "काय ते एकदाचं कळू दे."

भुसावळला काय झालं ते मी सुगंधाबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे होते. त्यांनी आधी कमलकडे पाहिलंच नाही, आईलाच विचारत राहिले. बसली कधी? चालली कधी म्हणता? ताप येऊन आकडी आली होती का? हाताने जेवते का? सुगंधाबाईला महिने, तारखा कुठून येणार? ती सांगत गेली, "चालाले लागनी तवय तिसरी दिवाई व्हती." डॉक्टर तेही लिहून घेत गेले. सगळं ऐकून घेणारा माणूस तिला सहा वर्षांत पहिल्यांदा भेटला होता.

मग ते उठून कमलच्या पाठीमागे गेले आणि त्यांनी हळूच किल्ल्यांचा जुडगा वाजवला. कमलने मान वळवली. दुसऱ्या बाजूने कागदाची पुडी चुरचुरवली. कमल तिकडे वळली. पुडीत खडीसाखर होती. डॉक्टर म्हणाले, "एक खडा तू घे, एक आईला दे." कमलने एक खडा तोंडात टाकला, दुसरा उचलून आईच्या हातावर ठेवला आणि मग न सांगता तिसरा डॉक्टरांपुढे धरला.

डॉक्टरांनी तो घेतला आणि खरोखर खाल्ला. मग बाटल्यांची बुचं काढून तिच्यापुढे टाकली. तिने एकावर एक तीन रचली. चौथं पडलं. ते तिने पुन्हा ठेवलं, ते पुन्हा पडलं. तिने पुन्हा ठेवलं.

सुगंधाबाईला राहवेना. "साहेब, मनी पोर बहिरी शे का येडी शे, इतलंच सांगा."

"बहिरी नाही," डॉक्टर म्हणाले. "वेडी तर नाहीच नाही. अंगाने ती सहा वर्षांची आहे, समजुतीने तीन वर्षांची असेल. तिची वाढ थांबलेली नाही, सावकाश चालली आहे."

"मंग औषध?"

"याला बाटलीतलं औषध नाही, बाई. असतं तर लगेच दिलं असतं. तीन वर्षांच्या मुलाला शिकवाल तसं तिला शिकवा. एका वेळी एकच गोष्ट. ती आली की दुसरी. सगळं येईल असं मी म्हणत नाही. पण ते बूच तिने किती वेळा उचललं, पाहिलंत ना? शिकवणं सोडू नका."

मित्रांनो, पोर बरी होणार असं काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तरी परतीच्या गाडीत बसताच सुगंधाबाईला झोप लागली. ऐन दुपारी, डब्यातल्या गोंगाटात, अंमळनेर येईपर्यंत ती गाढ झोपली होती. कमलनेच पदर ओढून तिला उठवलं. ती मला सांगायची, म्हणजे जात्याला सांगायची, की सहा वर्षं डोक्यावर घेतलेला भारा कोणीतरी हात लावून उतरवला, असं झालं.

डॉक्टरांनी गुरुजींसाठी चार ओळींची चिठ्ठी दिली होती. गुरुजींनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "बसू दे बिगारीत. पण हजेरीच्या कॅटलॉगात नाव राहील की नाही, ते तपासणीच्या दिवशी डिप्टीसाहेब ठरवतील."

आणि कमलची शाळा सुरू झाली. पण दगडी पाटीशी तिचं जमेना. पेन्सिल चिमटीत धरणं हेच तिला अवघड. सैल धरली तर निसटायची, घट्ट धरली तर मोडायची. पेन्सिल मोडली की मुलं ओरडायची आणि कमल दोन्ही हात पाठीमागे लपवायची. पंधरा दिवसांनी तर ती पाटी पाहिली की रडू लागली.

एका सकाळी सुगंधाबाई दळत होती. मला मडक्यावरून काढून तिने बाजूला ठेवलं होतं, आणि जात्याचं पीठ उडून माझ्यावर पातळ थर साचला होता. कमल माझ्याजवळ येऊन बसली. तिने बोट टेकवलं आणि वरून खाली ओढलं. एक रेघ उमटली. तिने तिच्या शेजारी दुसरी ओढली. मग तिसरी.

कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावरून कुणाचं तरी बोट फिरलं. माझ्या मनात काय झालं असेल!

"पीठ सांडू नको, माय," म्हणत सुगंधाबाईने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. पाटीवर एक रेघ धड न काढणारी तिची पोर, न रडता, न घाबरता सात रेघा ओढून बसली होती.

तिने आबांना हाक मारली. आबांनी खाली वाकून पाहिलं. मग मला उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाले, "झाकन नही शे हाई. मना रुपचंदनी पाटी शे."

त्याच दिवशी त्यांनी वीट कुटली, पूड फडक्यातून गाळली, आणि मला घेऊन स्वतः शाळेत गेले. गुरुजी आधी हसले. "आबा, धूळपाटीचा जमाना गेला. डिप्टीसाहेब काय म्हणतील?"

"मास्तर, तुमी कशावर शिकनात?" आबांनी विचारलं.

गुरुजींनी मला हातात घेतलं, पुडीत बोट फिरवलं आणि एक ठसठशीत 'श्री' काढला. तो पुसायला त्यांचा हात लवकर उठेना. "ठेवून जा," ते म्हणाले.

त्यानंतरचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गुरुजींनी महिनाभर कमलकडून एकच गोष्ट करून घेतली. उभी रेघ. तिला ते 'काठी' म्हणायचे. "कमल, काठी काढ." सकाळी आल्यावर दहा काठ्या, सुट्टीआधी दहा काठ्या. काठी सरळ येऊ लागली तेव्हा दुसऱ्या महिन्यात त्यांनी गोल शिकवला. त्याचं नाव 'भाकरी'. भाकरी काही बंद होईना, एका बाजूने उघडीच राहायची. कमल हात फिरवून पुसायची आणि पुन्हा काढायची. मोडायला पेन्सिलच नव्हती, त्यामुळे ओरडायला कुणाला कारण नव्हतं.

होळीनंतर एके दिवशी गुरुजी म्हणाले, "आता काठी काढ. आता तिच्या अलीकडे भाकरी टेकव." कमलने टेकवली. गुरुजी मांडीवर थाप मारून उठले. "पोरांनो, हे बघा! काठीला भाकरी टेकली, झाला की व!"

मुलं भोवती जमली. कोणी हसलं नाही. एकाने तर स्वतःच्या पाटीवर तसाच व काढून पाहिला. त्या 'व'ला पलीकडून शेपूट लावलं की 'क' होतो. ते शेपूट यायला तीन आठवडे लागले. 'म'ला पावसाळा लागला. दिवाळीनंतर 'ल' घेतला, तो काही केल्या येईना. त्याची दोन वळणं कमलच्या बोटाखाली एकमेकांत गुंतायची. आणि तोंडाने ती शाळेत एक शब्दही बोलत नव्हती.

तेवढ्यात तपासणीचा दिवस आला.

गुरुजींनी पहाटेच येऊन खोली सारवून घेतली होती. डिप्टीसाहेब कोट-फेटा घालून खुर्चीवर बसले. चौथीचं झालं, तिसरीचं झालं. सुगंधाबाई दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी होती. आबा समोरच्या पारावर बसले होते. शेवटी बिगारीची पाळी आली आणि साहेबांनी कॅटलॉगावर बोट ठेवलं. "कमल रुपचंद. वय सात. कुठे आहे?"

कमल मला छातीशी धरून पुढे गेली. पूड थोडी सांडली.

"नाव सांग तुझं."

कमल बोलेना. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळली गेली. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं आणि दौतीत टाक बुडवला.

गुरुजी दोन पावलं पुढे आले. शेऱ्याला भिणारे तेच आमचे गुरुजी. ते म्हणाले, "साहेब, तिला वेळ लागतो. थोडं थांबावं, अशी विनंती आहे."

साहेबांनी टाक दौतीतच ठेवला. "थांबतो," ते म्हणाले.

गुरुजींनी मला जमिनीवर ठेवलं. कमल माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिने तळहाताने पूड सारखी केली. काठी काढली. भाकरी टेकवली. शेपूट लावलं. क. मग थांबली, बाहेर कावळा ओरडला तिकडे पाहिलं. तिने पुन्हा खाली पाहिलं आणि म काढला.

आता ल. बोट खाली आलं, एक वळण गेलं, दुसरं गुंतलं. तिने पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा गुंतलं. तिसऱ्यांदा तिने बोट उचललं ते खाली आणलंच नाही. तिने मान वर केली, थेट साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली,

"माले ल नही येस."

चार शब्द! तिच्या उभ्या आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य. दाराबाहेर सुगंधाबाईने तोंडावर पदर धरला. मुलांना हसू आवरेना. पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. साहेबही हसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "मी इतक्या शाळा हिंडतो. काय येत नाही ते सांगणारं मूल मला क्वचित भेटतं. जिला ते कळतं, तिला शिकवता येतं. राहू द्या नाव. एका वर्षाचं काम हिला दोन वर्षं लागली तर दोन लागू द्या. बिगारीतून घाईने वर चढवू नका आणि काढूनही टाकू नका. तसं मी लिहून ठेवतो."

आणि त्यांनी तसं लिहिलं. सुगंधाबाई उंबऱ्यावर बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. रुपचंद शेतात होता. आबा काठी न घेताच पारावरून उठले आणि त्याला सांगायला बांधाच्या वाटेने निघाले.

मित्रांनो, पुढे कमल हुशार झाली, पहिला नंबर आला, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. बिगारीत ती तीन वर्षं होती. तेरा वर्षांची झाली तेव्हा दुसरी पास झाली आणि शाळा संपली. आज ती बावीस वर्षांची आहे. सावकाश बोलते, पण बोलते. गुरांचं सगळं तिच्याकडे आहे. कुठली म्हैस किती दिवसांनी व्याणार, हे तिला तोंडपाठ. ओसरीवर बसून ती जाड अक्षरांची पोथी आबांना वाचून दाखवते, एका पानाला अर्धी दुपार लावून. आबांची नजर गेली आहे, त्यांनाही कुठली घाई नाही. दर पावसाळ्याआधी ती मला ऊन दाखवते आणि वाळवी लागू नये म्हणून करंजाचं तेल लावते. मी आता एकेचाळीस वर्षांची झाले, तरी माझा एकही सांधा सुटलेला नाही.

परवाची गोष्ट. एरंडोलकडची एक परकी बाई विचारत विचारत घरी आली. कडेवर चार-पाच वर्षांचा मुलगा होता, चांगला जड. उन्हात तीन कोस चालून आली होती, तरी तिने त्याला खाली ठेवलं नव्हतं. दारातूनच म्हणाली, "अक्का, तुमनी पोर बरी व्हयनी, असं मी आयकं. कोनतं औषध दिधं?"

सुगंधाबाईने तिला आधी सावलीत घेतलं. मग म्हणाली, "बरी काय व्हवाले? ती आजारी नव्हतीच, माय. तिले येळ पाहिजे व्हता. तुना पोऱ्याबी आजारी नही. भुसावळले जा, डाक्टरले दाखाड. मंग मास्तरकडे जा. मी येस तुनासंगे."

बाईने मुलाला हळूच कडेवरून खाली सोडलं. तो कोंबड्यांमागे लुटुलुटु पळाला. कमलने तांब्या पुढे केला, तो त्या बाईने एका दमात रिकामा केला.

मित्रांनो, अशी आई तुमच्याही दारात केव्हातरी येईल. तिला आधी बसायला सांगा, पाणी द्या. आणि तिचं पोर तुमच्या वर्गात आलं, तर त्याच्या उत्तराची वाट बघा.